पदार्थ, संगणक आणि मेंदू : पुंजयामिकीच्या इतिहासातील तापमानाचा प्रश्न

प्रास्ताविक

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे वर्ष क्वांटम विज्ञान व तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते. वेर्नर हायझेनबर्गच्या १९२५ मधील शोधनिबंधाला त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण झाली, हे त्यामागील निमित्त. या निमित्ताने ठिकठिकाणी झालेल्या व्याख्यानांत व चर्चासत्रांत तीन विधाने बहुधा एका दमात केली जात. आपल्या खिशातील भ्रमणध्वनी क्वांटम नियमांवर चालतो, उद्याचा संगणकही त्याच नियमांवर चालेल, आणि मानवी मेंदूही त्याच नियमांनी विचार करतो, अशी ती विधाने होत. श्रोता भौतिकशास्त्राचा नसेल तर ही तिन्ही विधाने त्याला समान वजनाची वाटतात. वस्तुतः पहिले विधान शतकभर प्रयोगाच्या कसोटीला उतरलेले आहे, दुसरे अर्धेअधिक अभियांत्रिकीच्या हाती आहे आणि तिसरे अद्याप अनुमानाच्या अवस्थेत आहे. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि भौतिकशास्त्र शिकविणारे प्राध्यापक एकाच व्यासपीठावर येऊन चेतनेची चर्चा करतात तेव्हा हा भेद स्पष्ट नसेल, तर चर्चेचा पायाच ठिसूळ राहतो.

प्रस्तुत निबंधात या तिन्ही क्षेत्रांचा इतिहास एका प्रश्नाच्या आधारे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. तो प्रश्न तापमानाचा आहे. पुंजयामिकीनुसार बद्ध अवस्थेतील कणाची ऊर्जा सलगपणे न बदलता पायरीपायरीने बदलते. दुसरीकडे, उष्णता म्हणजे कणांची अव्यवस्थित धडपड. ती प्रत्येक कणाला सतत लहानमोठे धक्के देत असते. ऊर्जेची पायरी या धक्क्यांच्या मानाने उंच असेल तर कण ती चढू शकत नाही आणि पुंजस्वभाव उघड दिसतो. पायरी ठेंगणी असेल तर सर्व पायऱ्या धक्क्यांत विरून जातात व पदार्थ जुन्या, न्यूटनप्रणीत भौतिकीप्रमाणे वागतो. या तुलनेला अपवाद आहेत आणि त्यांचा विचार पुढे येईलच. परंतु एखाद्या गोष्टीत क्वांटम परिणाम आहे असे कोणी म्हणाले की पायरी किती उंच आणि तापमान किती, हे आधी विचारावे, हा धडा इतिहासाने वारंवार दिलेला आहे.

हिऱ्याची थंडी

मॅक्स प्लांकने १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिन येथे जर्मन भौतिकी संस्थेपुढे ऊर्जापुंजाची कल्पना मांडली, ती तप्त पदार्थातून निघणाऱ्या प्रारणासंबंधी होती. १९०५ मध्ये आइनस्टाइनने तिचा प्रकाशाशी संबंध जोडला. घन पदार्थाच्या अभ्यासात ही कल्पना प्रथम आली ती १९०७ मध्ये आइनस्टाइनच्याच एका निबंधातून. पाठ्यपुस्तकांत या निबंधाला सहसा एखादा परिच्छेद मिळतो. माझ्या मते त्याचे स्थान याहून बरेच मोठे आहे.

पार्श्वभूमी अशी. ड्यूलाँ आणि पती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८१९ मध्ये एक नियम सांगितला होता. घनरूप मूलद्रव्य कोणतेही असो, त्याच्या एका ग्रॅम-अणूचे तापमान एका अंशाने वाढविण्यास जवळजवळ सारखीच, म्हणजे सुमारे सहा कॅलरी उष्णता लागते. शिसे, तांबे, चांदी यांनी हा नियम पाळला. हिऱ्याने मात्र पाळला नाही. हाइन्रिख वेबर याने १८७० च्या दशकात उणे ५० अंशांपासून जवळपास १००० अंश सेल्सिअसपर्यंत हिऱ्याची मोजमापे घेतली. सर्वांत थंड स्थितीत हा आकडा एका कॅलरीच्याही खाली उतरला आणि सर्वांत तप्त स्थितीत साडेपाचापर्यंत चढला. याचे कारण तीस वर्षे कोणालाही देता आले नव्हते. हाच वेबर पुढे झुरिच येथे आइनस्टाइनचा प्राध्यापक झाला. गुरुशिष्यांचे फारसे जमले नाही आणि पदवीनंतर आइनस्टाइनला तेथे साहाय्यकाची जागाही मिळाली नाही. न जमलेल्या त्या गुरूचेच आकडे शिष्याने आपल्या सिद्धांताच्या कसोटीसाठी घेतले, ही विज्ञानाच्या इतिहासातील एक हृद्य गोष्ट होय.

आइनस्टाइनचा युक्तिवाद थोडक्यात असा होता. स्फटिकातील प्रत्येक अणू आपल्या जागी कंप पावतो आणि त्या कंपनाची ऊर्जाही पायऱ्यांनीच वाढते. कार्बनचा अणू हलका आहे आणि हिऱ्यातील बंध विलक्षण ताठ आहेत. त्यामुळे कंपनाची वारंवारता मोठी व पायरी उंच असते. तापमानाच्या भाषेत सांगायचे तर ही पायरी सुमारे १३०० केल्विनएवढी येते. आपल्या खोलीचे तापमान सुमारे ३०० केल्विन. म्हणजे आपल्याला उबदार वाटणाऱ्या खोलीत हिरा प्रत्यक्षात थंडीने गारठलेला असतो. त्याचे बहुतेक अणू पहिली पायरीही चढू शकत नाहीत, म्हणून ते उष्णता स्वीकारत नाहीत. शिशाचा अणू जड आणि बंध सैल, त्यामुळे त्याच खोलीत शिसे पूर्णपणे तापलेले असते आणि जुन्या नियमाप्रमाणे वागते. अतिशीत तापमानाला हे गणित थोडे चुकते. ती चूक पीटर डिबाय याने १९१२ मध्ये दुरुस्त केली.

या निबंधाने दोन गोष्टी कायमच्या प्रस्थापित केल्या. पुंजस्वभाव केवळ अतिसूक्ष्म वस्तूंपुरता नाही, तो तळहातावर घेता येणाऱ्या खड्यातही मोजता येतो. आणि एखादी वस्तू ‘क्वांटम’ आहे की नाही याचे उत्तर तिच्या आकारात नसून तिच्यातील पायरी आणि भोवतालची उष्णता यांच्या गुणोत्तरात आहे.

अर्धसंवाहक आणि अतिसंवाहक

धातूंतील इलेक्ट्रॉनांची कथा अनेक ग्रंथांतून आलेली असल्याने येथे ती विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. फेलिक्स ब्लॉख याने १९२८ मध्ये लायपझिग येथे, हायझेनबर्गच्या मार्गदर्शनाखाली, स्फटिकातून तरंगरूपाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनाचे गणित मांडले. १९३१ मध्ये केंब्रिजहून तेथेच आलेल्या अ‍ॅलन विल्सनने त्यावरून संवाहक, निरोधक आणि अर्धसंवाहक यांच्यातील फरक स्पष्ट केला. इलेक्ट्रॉनांना उपलब्ध असलेल्या ऊर्जांचे पट्टे असतात आणि पट्ट्यांमध्ये निषिद्ध अंतर असते. ते अंतर किती, यावर पदार्थाची जात ठरते. त्याच वर्षी वोल्फगांग पाउलीने आपला सहकारी पायर्ल्स याला पत्रातून बजावले होते, की अर्धसंवाहकांच्या नादी लागू नये, तो घाणेरडा विषय आहे. पाउलीच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की त्या काळच्या नमुन्यांत भेसळ इतकी असे की एका प्रयोगाचा दुसऱ्याशी मेळ बसत नसे. ही अडचण सुटली ती शुद्धीकरणाच्या तंत्राने. न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये जर्मेनियमच्या तुकड्यावर पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला, तोवर सोळा वर्षे उलटली होती.

येथेही तापमानाचा प्रश्न सुटलेला नाही. जर्मेनियममधील निषिद्ध अंतर सुमारे ०.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, सिलिकॉनमधील सुमारे १.१. खोलीच्या तापमानाला उष्णतेचा धक्का असतो सुमारे ०.०२५. दोन्ही पायऱ्या धक्क्याच्या तुलनेत उंचच, परंतु यंत्र तापले की जर्मेनियममध्ये उष्णतेने उडी मारणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या झपाट्याने वाढते आणि परिपथ बिघडतो. १९५४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बाजारात आणला आणि पुढील काळात सिलिकॉनने जर्मेनियमला मागे सारले. या विजयाची कारणे अनेक आहेत, सिलिकॉनवर सहज बसणारा ऑक्साइडचा थर हे त्यांतील एक मोठे कारण. तथापि, पायरीची उंची हेही त्यांतलेच एक होते.

अतिसंवाहकतेत पायरी फार ठेंगणी, म्हणून तापमानही फार खाली न्यावे लागते. कामर्लिंग ओनेस याने १९०८ मध्ये लायडन येथे हेलियम वायूचे द्रवीभवन केले आणि १९११ मध्ये ४.२ केल्विनच्या आसपास पाऱ्याचा विद्युत् रोध एकाएकी नाहीसा होतो, असे आढळून आले. त्याची समाधानकारक मीमांसा मिळण्यास १९५७ साल उजाडले. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखविले की इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि अशा असंख्य जोड्या एकाच तरंगावस्थेत वावरतात. १९८६–८७ मध्ये सिरॅमिक संयुगांच्या शोधाने ही मर्यादा ९० केल्विनच्या वर गेली. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, त्यामुळे महागड्या हेलियमवाचून काम होऊ लागले. खोलीच्या तापमानाला व सामान्य दाबाला अतिसंवाहक असणारा पदार्थ मात्र अजून सिद्ध झालेला नाही. खोलीच्या तापमानाच्या आसपासच्या अतिसंवाहकतेविषयी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेले दोन शोधनिबंध २०२२ आणि २०२३ मध्ये मागे घ्यावे लागले. पदार्थविज्ञानासारख्या प्रौढ क्षेत्रातही तापमानाविषयीचा दावा किती काळजीपूर्वक तपासावा लागतो, हे यावरून दिसते. येथे दावा तपासण्याची रीत ठरलेली असते, आणि ती लागू झाली की दावा टिकतो किंवा पडतो.

संगणन : थंड करणे किंवा अलग ठेवणे

मे १९८१ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या वतीने संगणनाच्या भौतिकीवर एक परिषद झाली. तेथे रिचर्ड फाइनमनने असा मुद्दा मांडला, की पुंजयामिकीने चालणाऱ्या निसर्गाचे अनुकरण सामान्य संगणकाला झेपणारे नाही, कारण कणांची संख्या वाढेल तशी आकडेमोड बेसुमार वाढते. तेव्हा संगणकच क्वांटम घटकांचा बनवावा. पॉल बेनिऑफ याने अशा यंत्राचे प्रारूप १९८० मध्येच दिले होते. डेव्हिड डॉइच याने १९८५ मध्ये सार्वत्रिक क्वांटम संगणकाची संकल्पना मांडली. डॉइचच्या निबंधातील एक गोष्ट पुढे मेंदूच्या चर्चेत उपयोगी पडेल. क्वांटम संगणक काही प्रश्न अधिक वेगाने सोडवू शकेल, परंतु सामान्य संगणकाला तत्त्वतःच न सुटणारा प्रश्न त्यालाही सुटणार नाही, असे तेथे स्पष्ट होते.

बेल प्रयोगशाळेतील पीटर शोर याने १९९४ मध्ये मोठ्या संख्येचे अवयव वेगाने पाडण्याची क्वांटम रीत दिली, तेव्हा हा विषय एकदम व्यवहारात उतरला. बँकांच्या व्यवहारांचे संरक्षण करणारी आरएसए ही १९७७ मधील गूढलेखन पद्धती मोठ्या संख्येचे अवयव पाडणे कठीण आहे, या एका गोष्टीवरच उभी आहे. १९९६ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील लव ग्रोव्हर या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने अव्यवस्थित यादीतील शोधाची रीत दिली.

पण लगोलग शंकाही निघाल्या. क्वांटम घटकाचे, म्हणजे क्यूबिटचे सामर्थ्य त्याच्या अध्यारोपित अवस्थेत असते. शून्य आणि एक या दोन्ही शक्यता त्याच्यात ठरावीक कलासंबंधाने एकत्र नांदतात. भोवतालचा एखादा रेणू आदळला, प्रकाशाचा एखादा कण विखुरला, तरी त्या घटकाची माहिती परिसरात सांडते आणि कलासंबंध नष्ट होतो. या प्रक्रियेला डिकोहेरन्स म्हणतात. आपण तिला कलासंगतीचा ऱ्हास म्हणू. हाइन्झ-डीटर झेह याने १९७० मध्ये आणि पुढे वॉयचेख झुरेक याने १९८० च्या दशकाच्या आरंभी हा विचार विकसित केला होता. क्वांटम संगणकाच्या बाबतीत या ऱ्हासाचा धोका मोठा आहे, असा इशारा विल्यम अनरू याने १९९५ मध्ये दिला. त्याच वर्षी शोरनेच चूकदुरुस्तीची पहिली क्वांटम संहिता प्रसिद्ध केली. अनेक घटकांत एकाच घटकाची माहिती पसरून ठेवायची आणि मूळ अवस्था न मोजता केवळ चूक मोजायची, हे तिचे मर्म होय.

घटक कशाचा बनवावा, याला दोन मार्ग निघाले. पहिला थंड करण्याचा. ब्रायन जोसेफसन याने १९६२ मध्ये, बावीस वर्षांचा विद्यार्थी असताना, दोन अतिसंवाहकांमधील पातळ निरोधक थरातून इलेक्ट्रॉनांच्या जोड्या कशा पार होतील याचे भाकीत केले होते. १९८४–८५ मध्ये बर्कली येथे जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी अशा जोडावर आधारलेला, डोळ्यांना दिसू शकेल एवढा विद्युत् परिपथ घेतला आणि त्याच्याही ऊर्जेच्या पायऱ्या मोजल्या. या कार्यासाठी त्यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आइनस्टाइनच्या हिऱ्याचाच हा दुसरा अध्याय म्हणता येईल, कारण येथेही वस्तू मोठी आणि पायरी मोजता येण्याजोगी. मात्र ही पायरी फार लहान आहे. आजच्या अतिसंवाहक क्यूबिटची वारंवारता पाच गिगाहर्ट्झच्या आसपास असते आणि तापमानाच्या भाषेत ती पाव केल्विनही भरत नाही. म्हणून तो केवल शून्याच्या वर एक-दोन शतांश केल्विनवर ठेवावा लागतो. छायाचित्रांतून दिसणारे सोनेरी झुंबर हे प्रत्यक्षात बव्हंशी शीतयंत्र असते. संगणक त्याच्या तळाशी नखाएवढ्या चकतीवर असतो.

दुसरा मार्ग अलग ठेवण्याचा, आणि येथे प्रास्ताविकात सांगितलेला अपवाद भेटतो. अणुकेंद्राच्या परिवलनाची पायरी उष्णतेच्या तुलनेत नगण्य असते, तरीही भोवतालाशी त्याचा संबंधच इतका क्षीण असतो की धक्के त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. २००१ मध्ये आयबीएमच्या अल्माडेन केंद्रात सात अणुकेंद्रांच्या साहाय्याने १५ या संख्येचे ३ आणि ५ असे अवयव पाडण्यात आले, ते खोलीच्या तापमानाच्या द्रवात. तथापि, तो मार्ग मोठ्या यंत्रापर्यंत गेला नाही. जो घटक परिसराचे ऐकत नाही तो आपलेही सहजी ऐकत नाही, हा या मार्गाचा मूळ पेच आहे.

२०१९ मध्ये गूगलने ५३ क्यूबिटच्या यंत्राने एक विशिष्ट गणन २०० सेकंदांत केले व महासंगणकाला त्यासाठी १०,००० वर्षे लागतील असे म्हटले. आयबीएमने तत्काळ अडीच दिवसांचा अंदाज दिला, आणि पुढे इतरांनी सामान्य संगणकाच्या रीती सुधारून ते अंतर आणखी घटविले. माझ्या दृष्टीने डिसेंबर २०२४ मधील निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. १०५ क्यूबिटच्या चकतीवर असे दिसले, की चूकदुरुस्तीसाठी घटक वाढविले तर एकूण चुका वाढण्याऐवजी कमी होतात. शोरच्या १९९५ मधील कल्पनेला मिळालेला हा भक्कम प्रायोगिक आधार होय. व्यवहारातील आरएसए फोडणारे यंत्र झालेले नाही. तरी अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम-रोधी गूढलेखनाची पहिली तीन मानके प्रसिद्ध केली आहेत. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मान्यता दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातील संरक्षण संशोधन प्रयोगशाळा आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी सहा क्यूबिटच्या अतिसंवाहक प्रक्रियकाची चाचणी पूर्ण केली. सहा हा आकडा जागतिक स्तरावर लहान आहे. परंतु शीतयंत्रापासून नियंत्रण-परिपथापर्यंतची साखळी हाताळण्याचा अनुभव त्यातून येथे आला, हे विसरता येत नाही.

मेंदू : ३१० केल्विनचे यंत्र

आता तिसऱ्या आणि सर्वांत वादग्रस्त प्रदेशाकडे वळू. मानवी मेंदूचे तापमान सुमारे ३१० केल्विन आहे. तो ओला आहे, आयनांनी भरलेला आहे आणि त्याला थंड करण्याची सोय नाही.

नील्स बोर याने १९३२ मध्ये कोपनहेगन येथे प्रकाश आणि जीवन या विषयावर व्याख्यान देऊन पुंजयामिकीचा जीवशास्त्राशी संबंध काय, हा प्रश्न उपस्थित केला होता. परंतु या चर्चेत आपल्याकडे सर्वाधिक घेतले जाणारे नाव एर्विन श्रोडिंगर याचे आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्याने डब्लिन येथे दिलेली व्याख्याने पुढील वर्षी पुस्तकरूपाने आली. त्याच्या उपसंहारात उपनिषदांतील आत्मा आणि ब्रह्म यांच्या ऐक्याचा आदराने उल्लेख आहे. तेवढ्या उल्लेखाच्या आधारे पुंजयामिकीने वेदान्त सिद्ध केला, किंवा वेदान्तातून पुंजयामिकी निघाली, अशी विधाने मराठी व्याख्यानांतून सर्रास ऐकू येतात. श्रोडिंगरची वेदान्तनिष्ठा खरी होती, याबद्दल शंका नाही. पण त्याच्या १९२६ मधील शोधनिबंधांचा आधार द ब्रॉयची तरंगकल्पना आणि हॅमिल्टनचे गणित हा आहे. एवढेच नव्हे, तर ज्या उपसंहारात उपनिषदे येतात तेथेच, मनाशी निगडित शारीरिक घटनांत पुंजयामिकीतील अनिश्चितता महत्त्वाची भूमिका बजावत नाही, असेही तो सांगतो. उत्परिवर्तनासारख्या घटना त्याने अपवाद म्हणून सोडल्या आहेत. पुस्तकाच्या आरंभीचा त्याचा युक्तिवाद याच दिशेचा आहे. अणू इतके लहान का, या प्रश्नाऐवजी आपले शरीर अणूंच्या मानाने इतके मोठे का, असे तो विचारतो. त्याचे उत्तर असे, की विचार करणाऱ्या इंद्रियाला सुव्यवस्था हवी, आणि उष्णतेची धडपड असंख्य अणूंच्या सरासरीतच शमते. ज्याला आपण मेंदूच्या क्वांटमवादाचा साक्षीदार म्हणून उभा करतो, त्याची प्रत्यक्ष साक्ष बरीचशी उलट बाजूची आहे. ती वाचल्याशिवाय त्याचे नाव घेणे हा आपल्या शैक्षणिक शिस्तीचा भंग होय.

पुंजयामिकीचा मेंदूशी काहीच संबंध नाही, असा याचा अर्थ नव्हे. जीवरसायनातील प्रत्येक बंध क्वांटम आहे. डोळ्याचे उदाहरण तर फार बोलके आहे. हेख्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी १९४२ मध्ये दाखविले की अंधाराला सरावलेल्या डोळ्याला मंद प्रकाश जाणवण्यास दृष्टिपटलाने शोषलेले पाच ते सात प्रकाशकण पुरतात आणि एकेका दंडपेशीला एकच प्रकाशकण उत्तेजित करू शकतो. येथे पायरी दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर आणि उष्णतेचा धक्का ०.०२७. म्हणून हे शक्य होते. वाद आहे तो एवढ्यावर नाही. मज्जापेशींच्या पातळीवर, विचार घडतो त्या कालावधीत, अध्यारोपण टिकते काय, हा वादाचा मुद्दा आहे.

मज्जापेशींच्या संधिस्थानी क्वांटम परिणाम असावा, असे अनुमान फ्रीडरिख बेक आणि नोबेलविजेते जॉन एक्लस यांनी १९९२ मध्ये मांडले. परंतु सर्वांत मोठी मांडणी रॉजर पेनरोज याची. १९८९ आणि १९९४ मधील दोन ग्रंथांतून त्याने गोडेलच्या १९३१ मधील प्रमेयाच्या आधारे असा पक्ष घेतला, की गणितज्ञाला जे सत्य उमगते ते कोणत्याही ठरावीक रीतीने चालणाऱ्या यंत्राच्या आवाक्यात पूर्णपणे येत नाही. अ‍ॅरिझोनातील भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ याच्या सहकार्याने त्याने या क्रियेचे स्थान पेशींतील सूक्ष्मनलिकांत कल्पिले. या नलिका प्रथिनांच्या असून त्यांचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर असतो. पेनरोजचे म्हणणे ‘मेंदू हा क्वांटम संगणक आहे’ एवढ्यावर थांबत नाही, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. डॉइचचा निष्कर्ष लक्षात घेता नुसता क्वांटम संगणक पेनरोजला पुरणारच नाही. म्हणून त्याला गुरुत्वाकर्षणामुळे तरंगावस्था कोसळते असा एक नवा, पुंजयामिकीपलीकडचा सिद्धांत लागतो. म्हणजे तीन अनुमाने एकमेकांवर रचलेली आहेत : गोडेलचा अर्थ, नवी भौतिकी आणि सूक्ष्मनलिका. वरची दोन पहिलीवर उभी आहेत, आणि गोडेलच्या प्रमेयाचा हा अर्थ अनेक तर्कशास्त्रज्ञांना मान्य नाही. पेनरोजला २०२० मध्ये नोबेल मिळाले ते कृष्णविवरांच्या गणितासाठी. त्याचा आधार मेंदूविषयक मताला देणे योग्य नव्हे.

२००० मध्ये मॅक्स टेगमार्क याने तापमानाचा प्रश्न आकड्यांत मांडला. मेंदूत आयन आणि पाण्याचे रेणू सतत आदळत असताना कलासंगती किती काळ टिकेल? त्याचे उत्तर आले १० चा उणे तेरावा घात ते १० चा उणे विसावा घात एवढे सेकंद. मज्जापेशींचे व्यवहार चालतात ते सेकंदाच्या एक सहस्रांशापासून एक दशांशापर्यंतच्या कालमानावर. दोहोंतील तफावत किमान दहा अब्ज पटींची आहे. हॅमरॉफ व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये गृहीतके बदलून हा काळ सेकंदाच्या एक लक्षांशापासून एक दहासहस्रांशापर्यंत वाढवून दाखविला. हे त्यांचे उत्तर वाचले की एक गोष्ट लक्षात येते. त्यांच्या स्वतःच्या आकड्यांनीही मज्जापेशींचे कालमान पूर्णपणे गाठले जात नाही. तथापि, वादाला आकडे मिळाले, हे या देवाणघेवाणीचे श्रेय दोन्ही बाजूंना दिले पाहिजे. २०२० मध्ये इटलीतील ग्रान सासो येथील भूमिगत प्रयोगाने गुरुत्वाकर्षणजन्य पतनाच्या सर्वांत साध्या प्रारूपाला मोठी मर्यादा घातली.

मधल्या काळात जीवाणुजगतातून एक आशा निर्माण झाली होती. २००७ मध्ये बर्कलीतील ग्रॅहॅम फ्लेमिंग यांच्या गटाने हिरव्या गंधक-जीवाणूतील प्रकाशसंश्लेषी प्रथिनात दीर्घकाळ टिकणारी स्पंदने पाहिली. ती इलेक्ट्रॉनांच्या कलासंगतीची असावीत, असा अर्थ लावला गेला. जीवाणूला जमते तर मेंदूला का नाही, असा प्रश्न लगेच पुढे आला. हे मोजमाप ७७ केल्विनवरचे होते, याचा मात्र व्याख्यानांत क्वचितच उल्लेख होई. पुढील दशकातील प्रयोगांनी व २०२० मधील एका विस्तृत समीक्षेने दाखविले, की ती स्पंदने बव्हंशी रेणूंच्या कंपनांची होती. अशी दुरुस्ती ज्या क्षेत्रात होते ते क्षेत्र निरोगी आहे असे मी मानतो. दुर्दैवाने २००७ चा निष्कर्ष जितका गाजला तितकी ही समीक्षा गाजली नाही.

मॅथ्यू फिशर याने २०१५ मध्ये मांडलेली कल्पना वेगळ्या जातीची आहे, कारण ती तापमानाच्या प्रश्नाला थेट सामोरी जाते. मेंदू थंड करता येत नाही, तर त्यात अलग राहू शकेल असा घटक कोणता? फिशरचे उत्तर फॉस्फरसचे अणुकेंद्र हे होते. कॅल्शियम व फॉस्फेटच्या विशिष्ट पुंजक्यांत त्याचे परिवलन दीर्घकाळ सुरक्षित राहील, असे त्याचे अनुमान आहे. संगणनातील दुसरा मार्गच येथे जीवशास्त्रात आलेला दिसतो. २०१८ मध्ये उंदरांवरील एका प्रयोगात असे आढळले, की अणुकेंद्राला परिवलन असलेले झेनॉनचे समस्थानिक परिवलन नसलेल्या समस्थानिकांपेक्षा भूल देण्यात कमी प्रभावी ठरतात. हा निष्कर्ष कुतूहलजनक खचितच आहे. परंतु त्यावरून चेतनेपर्यंत जाण्याची वाट लांब आहे, आणि पुंजक्यांतील कलासंगती फिशरने कल्पिली तितकी टिकत नाही, असे सांगणारी गणितेही पुढे आली आहेत.

मेंदूच्या अभ्यासात पुंजयामिकीचे निर्विवाद स्थान आहे ते कवटीच्या बाहेर. डेव्हिड कोहेन याने १९७२ मध्ये जोसेफसन जोडांवर आधारलेला संवेदक वापरून मेंदूचे चुंबकीय क्षेत्र मोजले. हे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या कोट्यवधीव्या भागाएवढे क्षीण असते. जोसेफसन स्वतः पुढे केंब्रिज येथे मन आणि जडद्रव्य यांच्या एकीकरणाचा प्रकल्प चालवू लागला व त्याची त्याविषयीची मते सहकाऱ्यांना पटली नाहीत. त्याच्या नावाचा जोड मात्र द्रव हेलियममध्ये बसून मेंदूचे मोजमाप करीत राहिला. रुग्णालयातील एमआरआय यंत्रही असेच आहे. अतिसंवाहक तारांचे वेटोळे बाहेर ४ केल्विनच्या आसपास, आणि त्याच्या पोकळीत ३१० केल्विनचा रुग्ण.

अलीकडे या मापनाला थंडीचीही गरज उरलेली नाही. हिऱ्याच्या स्फटिकात कार्बनच्या एका अणूच्या जागी नायट्रोजन आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी असेल, तर तेथील इलेक्ट्रॉनाचे परिवलन प्रकाशाच्या साहाय्याने वाचता येते. २००९ मध्ये शुद्ध समस्थानिकाच्या हिऱ्यात ते खोलीच्या तापमानाला जवळजवळ दोन सहस्रांश सेकंद टिकल्याचे दिसले. टेगमार्कने मेंदूसाठी काढलेल्या काळाशी ही तुलना करून पाहावी. याचे एक कारण १९०७ च्या निबंधात आहे. हिऱ्याचे बंध ताठ, म्हणून आपल्या खोलीत त्याचे अणू फारसे हलत नाहीत आणि परिवलनाला धक्के कमी बसतात. अशा संवेदकांवरील संशोधन राष्ट्रीय अभियानातील संवेदन व मापनविज्ञानाचे केंद्र असलेल्या पवईच्या आयआयटीतही चालते. २०१६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एका समुद्री कृमीच्या मज्जापेशीशेजारी असा हिरा ठेवला आणि तिच्यातून जाणाऱ्या विद्युत् स्पंदाचे चुंबकीय क्षेत्र नोंदविले. कृमी, हिरा आणि संशोधक, तिघेही त्या वेळी खोलीच्याच तापमानाला होते.